गावाचा धक्का

परवा शनिवारी आजोळी, नागोठण्याला गेलो होतो. १९व्या शतकात इथे अंबेच्या खाडीतून मुंबईची आगबोट यायची. काठावर उभं राहिल्यावर मला आठवली ती जेटी! नावाप्रमाणे तीही धक्काच की...

१९९५ साली ऑस्ट्रेलियात ग्रेग विल्किन्सने हा जावा वेब सर्व्हर सुरू केला. पुढे अवजड अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरांचा जमाना आला. आपला प्रोग्रॅम त्यांच्या घरी पाहुणा. जेटीने उलटं केलं: सर्व्हरच प्रोग्रॅमच्या पोटात. एपीआयचे पत्ते आपल्या सर्व्हलेटकडे, उरलेली पानं-चित्रं डिफॉल्ट सर्व्हलेटकडे. प्रोसेस एकच! हडूपनेही हेच केलं.

मी मात्र गेल्या महिन्यात एवढ्याशा कामासाठी मोठाच सर्व्हर हवा म्हणून अडून बसलो. आठवडा वाया. असो. गावाला धक्का पुरतो, बंदर कशाला?