तंजावरचे चितारी आणि समोरचा माणूस

तंजावरहून उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटर गेले म्हणजे कावेरीच्या तीरावर तिरुवैयारु लागते. पाच नद्यांचे क्षेत्र म्हणून त्याचे हे नाव. पंचनदीश्वराचे पुरातन देवालय, तंजावरकर भोसल्यांचा कल्याणमहाल आणि संतकवी त्यागराजांची समाधी, ही सारी या एका गावात आहेत. त्यागराज १७६७ साली जन्मले आणि १८४७ साली याच गावी त्यांनी देह ठेवला. तंजावरच्या गादीवर १७९८ पासून १८३२ पर्यंत असलेले दुसरे सरफोजी राजे हे त्यांचे समकालीन. एकाने रामनामात आयुष्य वेचले, दुसऱ्याने विद्या आणि ग्रंथ यांच्या संग्रहात. या दोघांच्या भोवती निर्माण झालेली चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर माणसाचे चित्र हुबेहूब केव्हा उतरते, या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते.

त्यागराजांची तसबीर दक्षिणेत घरोघरी दिसते. त्यांना ओळखावयाचे ते हातातील तंबुरा व चिपळ्या यांवरून, कपाळीच्या गंधावरून. चेहरा दुय्यम, खुणा मुख्य. तंजावरच्या प्रसिद्ध चित्रशैलीचाही हाच धर्म आहे. फणसाच्या फळीवर कापड चिकटवावे, त्यावर खडूचा लेप द्यावा, उठाव घेऊन सोन्याचा वर्ख आणि खडे बसवावेत, आणि मग गोल मुखाचा, विशाल नेत्रांचा बाळकृष्ण रंगवावा. त्या मुखाचे प्रमाण चिताऱ्याला घराण्याच्या खर्ड्यांवरून आणि ध्यानश्लोकांवरून ठाऊक असते. त्यात उणीव काहीच नाही, कारण देवचित्राचा हेतूच निराळा. परंतु चित्रातील गाल चुकला की साधला, हे सांगावयास बाळकृष्ण समोर येऊन बसत नाही.

सरफोजी राजांनी त्याच मुलखातील चिताऱ्यांपुढे निराळी कामे ठेवली. राजांचे शिक्षण जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली झाले होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व थोडा परिसर उरला. सत्ता गेली, जिज्ञासा मात्र राहिली. वनस्पती, पशू आणि पक्षी यांची चित्रे त्यांनी काढविली. धन्वंतरिमहालात औषधांचे प्रयोग चालत. नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या ज्या नोंदी त्यांच्या काळात झाल्या, त्यांना रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे जोडलेली आहेत. तंजावरच्या सरस्वतीमहालात त्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत.

चित्रकलेच्या इतिहासात या चित्रांना मोठे मोल आहे. देवाचा नेत्र कमळासारखा काढला की तो देवाचा नेत्र झाला. रोग्याच्या डोळ्याला कमळाची उपमा लागू पडत नाही. बुबुळावरील फूल कोठे आहे, लाली कोणत्या कोपऱ्यात अधिक आहे, पापणी किती सुजली आहे, हे जसेच्या तसे उतरले पाहिजे. नाही तर नोंद फसवी ठरेल. असे चित्र मूळ डोळ्याशेजारी धरता येते आणि वैद्याला त्यातील चूक बोट ठेवून दाखविता येते. पिढ्यानपिढ्या घोटलेल्या सवयीने हात आपोआप विशाल, रेखीव नेत्र काढू पाहतो. समोरचा माणूस आणि जाणता परीक्षक, असे दोघे त्या हाताला आवरतात. चित्रविद्येत दोषदर्शनाचे स्थान हेच आहे. निंदेचा त्यात संबंध नाही. डोळ्याने पाहिलेले आणि हाताने काढलेले यांतील अंतर दाखवून देणे, एवढेच त्याचे काम.

याच पिढीत पुण्यासही असाच प्रयोग चालू होता. गंगाराम तांबट या मराठी कलावंताने १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा चित्रित केला. पुढे वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरविली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची त्याने काढलेली चित्रे आजही त्या पुरुषांची ओळख करून देतात. इंग्रज वकील मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली. १७९५ साली वेल्स वारला. उपक्रम अल्पायुषी ठरला, पण समोर पाहून काढावे आणि जाणत्याकडून सुधारून घ्यावे, हा धडा महाराष्ट्राने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या कितीतरी आधी गिरविला होता.

आता स्वतः सरफोजी राजांच्या प्रतिमेकडे वळावे. इंग्लंडचा विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने त्यांचा संगमरवरी पुतळा घडविला. हात जोडून उभे असलेले राजे तंजावरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. श्वार्ट्‌झ यांच्या स्मरणार्थ त्यानेच घडविलेला शिल्पपट तेथील चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात राजांनी हाती धरला आहे, असा तो प्रसंग. काम अत्यंत सफाईचे आहे. परंतु फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधीच आला नाही. त्याच्या कर्मशाळेत राजे समोर उभे नव्हते. त्याने ग्रीक मूर्तींवरून शिकलेले सौष्ठव त्या दगडात उतरले. राजांचे खास असे जे काही होते, ते पडताळून पाहण्याची सोय त्याला नव्हती.

इतिहासाने येथे एक विलक्षण न्याय केला आहे. राजाचे मुख युरोपच्या नामांकित शिल्पकाराने न पाहता घडविले, तर तंजावरच्या साध्या रोग्याचा दुखरा डोळा राजाच्या पदरी असलेल्या चिताऱ्याने जवळ बसून, निरखून रेखाटला. १८५५ साली शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. ते डोळे मात्र कागदावर अजून शाबूत आहेत. व्यक्तिचित्र शिकू इच्छिणाऱ्याने पुतळ्याला वंदन अवश्य करावे. पण शिकावे ते त्या नोंदवहीपाशी.