नळी, पीळ आणि दुर्बीण

१८५४ सालीं इंग्लंडच्या सरकारनें मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांस सैन्याच्या रायफलीचे दोष शोधण्यास सांगितलें. वाऱ्याचा दोष नळीच्या माथीं बसूं नये, म्हणून त्यांनीं प्रथम ५०० यार्ड लांबीची झांकलेली चांदमारी बांधविली. पुढें नळीचें छिद्र ०.५७७ इंचांवरून ०.४५१ इंचांवर आणून षट्कोनी केलें, व पिळाचा फेरा ७८ इंचांऐवजीं २० इंचांत पुरा केला. १८५७ च्या परीक्षेंत ही रायफल नेमांत सरस ठरली. परंतु ती महाग, आणि तिच्या नळींत काजळी लवकर सांचे, म्हणून सैन्यानें ती पत्करली नाहीं.

तिच्या डाव्या अंगास बसणारी दुर्बीण डेव्हिडसन यांची. हे गृहस्थ पूर्वीं मुंबईच्या फौजेंत होते. दुर्बिणीनें लक्ष्य जवळ येई, पण डोळा फार जवळ नेल्यास धक्क्यानें काळानिळा होई.

श्रोतेहो, इंग्रजी सैन्यानें नाकारलेली ही रायफल अमेरिकेच्या यादवींत दक्षिणेच्या निवडक नेमबाजांच्या हातीं पडली. ९ मे १८६४ रोजीं उत्तरेचे सेनापति सेजविक, इतक्या दुरून शत्रूस हत्तीहि टिपतां येणार नाहीं, असें सांगून शिपायांस धीर देत होते. तोंच गोळी लागून ते पडले. ती व्हिटवर्थ रायफलीचीच, असें पुष्कळ मानतात. अंतराचा जुना हिशेब नव्या नळीनें खोटा ठरविला होता. तो ज्यांनीं बदलला नाहीं, त्यांस त्याची किंमत प्राणांनीं द्यावी लागली.