पुढे गेलेला डेरा

श्रीरामपुरातून मोटारहोम काढायची, प्रवरेच्या काठी गळ टाकायचा, रंधा धबधबा बघायचा आणि भंडारदऱ्याला गाडीतच झोपायचं. असा बेत कुणी सांगितला की लोक म्हणतात, "अमेरिकेचं फॅड." मला ते पटत नाही. चाकांवरचं घर तिकडचं असेल, पण हा प्रवास आखायची रीत मोगलांच्या छावणीतली आहे. आणि त्या छावणीचा शेवट आपल्याच जिल्ह्यात झाला.

धागा सापडला तो फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याच्या प्रवासवर्णनात. 1664 च्या अखेरीस तो औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला. तो सांगतो, बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एका संचात मुक्काम चालू असताना दुसरा एक मजल पुढे जाऊन उभा राही. हा पेशखाना. तो वाहायला साठांहून जास्त हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. बादशहा पोचायच्या आत कनाती ताणलेल्या हव्यात, पाणी भरलेलं हवं. पुढे 1681 साली औरंगजेब दक्षिणेत उतरला, तो परत गेलाच नाही. पंचवीसेक वर्षं हा पसारा दख्खनभर फिरवून 1707 मध्ये तो नगरजवळ भिंगारला वारला.

बादशहा गेला, रीत राहिली. ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघत. ऐपतदार साहेब दोन तंबू बाळगी. एकात रात्र काढायची, दुसरा बैलगाडीवर रातोरात पुढे धाडायचा. पहाटे घोड्यावर निघालेल्या साहेबाला पुढच्या आमराईत न्याहारी तयार मिळे.

अशाच दौऱ्यांत मासे शिरले. कंपनीचा अधिकारी कर्नल साइक्स 1824 पासून दख्खनची सांख्यिकी पाहणी करत हिंडत होता. पिकं, गावं, पाऊस यांची मोजदाद करता करता तो पक्षी आणि नदीतले मासेही गोळा करी. 1839 साली त्याने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं आणि इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रात घातली. खुद्री, शिंगाळा, मळ्या ही नावं तिथे अजून टिकून आहेत. साइक्सचा एक तंबू नेहमी पुढे जात असणार, असं मी धरून चालतो. त्याशिवाय नदीकाठी निवांत बसायला सवड कुठून मिळाली असती?

आता विरुद्ध पक्ष. हौशी कॅराव्हॅनचा मूळपुरुष म्हणून गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरचं नाव घेतात. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने 1885 साली ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि इंग्लंड-स्कॉटलंड पालथं घातलं. गाडीची कल्पना त्याने जिप्सींकडून उचलली, हे मला मान्य. पण त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर रस्ता बघायला पुढे जाई. जिप्सी तर सगळं कुटुंब घेऊन एकत्र चालतात. मग पुढे माणूस धाडायची ही बुद्धी कुठली?

यावर कुणी म्हणेल, दोन टनांच्या आसपास वजनाची गाडी अरुंद रस्त्यावरून न्यायची तर कुणीही माणूस पुढे पाठवील, त्याला मोगल कशाला हवेत? आक्षेप वजनदार आहे. स्टेबल्सने ही रीत हिंदुस्थानातून घेतली, याला माझ्याकडे पुरावा नाही. पण नीट पाहिलं तर फरक कळतो. त्याचा नोकर रस्ता चालण्याजोगा आहे का एवढंच बघे. पेशखाना पुढचा मुक्कामच उभा करी. पहिल्याला टेहळणी म्हणावं, दुसऱ्याला बंदोबस्त. 1910 च्या पिअर्स-ॲरो टूरिंग लँडो या मोटारीपासून घराला इंजिन लागलं आणि दुसरा तंबू गेला, पण बंदोबस्त सुटला नाही.

भंडारदऱ्याचा बेत करून बघा. वाट बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर अशी, म्हणजे आपल्या उसाला पाणी देणाऱ्या प्रवरेच्या उगमाकडे. तिथलं धरण 1926 चं. कुणीतरी आदल्या दिवशी मोटारसायकलवर जायला हवं. झाडाची फांदी छपराला लागते का? गाडी वळेल एवढी जागा आहे का? टाकी भरायला नळ कुठे, सांडपाणी कुठे सोडायचं? उतारावर गाडी उभी केली तर रात्रभर माणूस अंथरुणातून घसरतो, म्हणून सपाट जागा हवी. आणि मुख्य म्हणजे गळ टाकायला कुणाला विचारायचं? राज्यातल्या बऱ्याच धरणांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. कणकेच्या गोळ्या मळून नेल्या आणि ठेकेदाराने काठावरूनच परतवलं, तर फजिती.

राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, म्हणजे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेली ठरलेली जागा. माझ्या लेखी हा सरकारी पेशखानाच, फक्त एका जागी रोवलेला. असे तळ पुरेसे होईपर्यंत मोटारसायकलवाल्या गड्याला पेट्रोलचे पैसे आगाऊ द्यावेत आणि परतल्यावर मासे मिळोत न मिळोत, जेवण आपल्याकडून.