पाखरं हाकायची पाइपाची बंदूक अन् पोरांचे डोळे : काय काळजी घ्याल?

सोलापूर : ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात. द्राक्ष, डाळिंबाच्या बागेतही तीच गत. राखणीला बहुतेक घरची पोरंच असतात. पूर्वी त्यांच्या हातात गोफण नाहीतर पत्र्याचा डबा असायचा. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक पाइपाची कार्बाइड बंदूक आली आहे. स्वस्त आहे, आवाज मोठा होतो, म्हणून लोक घेतात. पण हे खेळणं नाही.

भोपाळमध्ये काय झालं?

ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा या भागांत हीच बंदूक फटाका म्हणून विकली गेली. दीड-दोनशे रुपयांत मिळायची. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पोरांनी घेतली. दोन-तीन दिवसांत शंभराहून जास्त जण डोळ्यांना इजा होऊन दवाखान्यात आले, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. काहींची नजर गेली. नंतर बंदीचे आदेश निघाले, विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले. पण गेलेली नजर आदेशानं परत येत नाही.

इजा कशी होते?

कार्बाइड म्हणजे गॅस वेल्डिंगला वापरतात तो खडा. आंबे पिकवायलाही काहीजण वापरतात. फळं पिकवायला त्यावर कायद्यानं बंदी आहे. खड्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. ठिणगी पडली की तो पेटतो अन् बार होतो.

खरा धोका बार झाला नाही तर असतो. पोरगं म्हणतं, "फुसका गेला," अन् पाइपात डोकावून बघतं. वायू आतच असतो. त्याच वेळी बार होतो. जाळ, पाइपाचे तुकडे आणि कार्बाइडचा चुनकट गाळ थेट डोळ्यात जातो. हा चुना बुबुळ जाळतो. धुवायला उशीर झाला तर जखम आत उतरत जाते.

घरातली परवान्याची बंदूक

पीक राखणीसाठी काही शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते. शस्त्र कायदा १९५९ नुसार २१ वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या सरावासाठी तेवढी नियमात सवलत आहे. घरात एवढं पाळा :

- बंदूक रिकामी करूनच कपाटात ठेवा, कुलूप लावा.
- काडतुसं दुसऱ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवा.
- किल्ली खुंटीवर टांगू नका. पोरांना घरातल्या सगळ्या जागा माहीत असतात.
- लग्नात, वरातीत हवेत बार काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अमेरिकेत २०२० पासून लहान व किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. बंदूक अन् गोळ्या वेगवेगळ्या कुलपात ठेवणाऱ्या घरांत मुलांना धोका कमी असतो, असं तिथल्या अभ्यासात दिसलं आहे.

छऱ्याची बंदूकही पोरांच्या हाती एकटी देऊ नका. छरा डोळा फोडू शकतो. रानडुकरांसाठी कुणी ठेवलेला गावठी बॉम्ब पिठाच्या गोळ्यासारखा दिसू शकतो. रानात असलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं अन् ११२ ला फोन करायचा, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

इजा झाली तर लगेच काय करावं?

- डोळ्यात कार्बाइड किंवा चुना गेला तर डोळा चोळू देऊ नका. तोंडावर खडे चिकटले असतील तर ते आधी कोरड्या फडक्यानं झाडा. मग पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान २० मिनिटं सोडा. बोअरचं, हंड्याचं, जे स्वच्छ पाणी जवळ असेल ते घ्या.
- तूप, दूध, मध, हळद, एरंडेल काहीही घालू नका.
- डोळ्यात तुकडा किंवा छरा रुतला असेल तर काढू नका, दाबू नका. वरून कागदी कप उपडा धरा.
- हातापायाला छरा लागून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. छरा उकरू नका.
- १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. डोळ्याच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटल आहे. "सकाळी बघू" म्हणू नका.

राखण कशी करावी?

बागेला जाळी, चमकणारी फिती, बुजगावणं, डबा, गोफण हे मार्ग आहेतच. फिती अन् बुजगावणं दोन-चार दिवसांनी जागा बदलून लावा, नाहीतर पाखरं सरावतात. पाइपाची बंदूक घरात असेल तर मोडून टाका. उरलेला कार्बाइड गटारीत किंवा विहिरीत टाकू नका, पाणी लागलं की वायू होतो. कोरड्या, झाकणाच्या डब्यात पोरांच्या हाताबाहेर ठेवा अन् वेल्डिंगवाल्याला परत द्या.

चार कणसं पाखरांनी खाल्ली तर पुढच्या हंगामात भरून निघतील. पोराचा डोळा भरून निघत नाही.