महाभारताच्या पोथ्या आणि अनेकांचे हात

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १ एप्रिल १९१९ रोजी एक साधा समारंभ झाला. वयोवृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पाठभेद नोंदविण्याच्या एका कागदावर महाभारताचा मंगलश्लोक स्वहस्ते लिहिला, आणि त्या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कार्यासाठी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले होते.

तत्पूर्वी युरोपातही हा उद्योग झाला होता. १८९७ च्या पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झ यांनी ही कल्पना मांडली; १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी नमुन्याचा भाग छापलाही. पुढे महायुद्ध आले आणि काम थांबले.

पुण्यातही प्रारंभीची काही वर्षे चाचपडण्यातच गेली. १९२५ मध्ये प्रधान संपादकपदाची सूत्रे विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या हाती आली. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्याच हाताखाली तयार झालेला हा पंडित. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्या त्यांच्यापुढे होत्या: १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ लिपीतील, २८ तेलुगू, २६ मलयाळम, शारदा लिपीतील अवघ्या तीन आणि कन्नड लिपीतील तर एकच. इतक्या लिप्या वाचणारा एक मनुष्य शोधण्यापेक्षा अनेक माणसांचे वाचन एका जागी आणणे शहाणपणाचे होते. म्हणून उत्तरेचे व दक्षिणेचे शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर अशी कायमची मंडळी नेमण्यात आली. तंजावर व शांतिनिकेतन येथेही पोथ्या ताडून पाहण्याचे काम चाले.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. चौकटी आखलेल्या कागदावर प्रचलित पाठाचा श्लोक एका घरात एक अक्षर या हिशेबाने लिहावयाचा. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जेथे अक्षर निराळे, तेवढ्याच घरात ते भरावयाचे. कोणत्याही भागाला निदान दहा पोथ्या हव्यात, असा दंडक होता. आपल्याला कोणता पाठ गोड वाटतो, हे सांगण्यास त्या घरात जागाच नव्हती! विद्वत्तेला असा लगाम घालून घेणे पंडितांना सोपे गेले असेल, असे समजण्याचे कारण नाही.

संपादकालाही बंधन होते. जो पाठ निःसंशय नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ छापली जाई आणि वगळलेले पाठ तळटीपांत दिले जात. संपादकाचा निर्णय वाचकाला पारखता यावा, यासाठीच ही तजवीज होती.

पर्वेही वाटून दिली गेली. विराटपर्व लाहोरच्या रघुवीर यांनी, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांनी, तर सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. निरनिराळ्या देशांत बसलेल्या या मंडळींना एकाच दिशेने चालविणारी वस्तू म्हणजे ते चौकटींचे कागद आणि सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत घालून दिलेले नियम.

या व्यवस्थेची खरी परीक्षा २१ जानेवारी १९४३ रोजी झाली. मुंबई विद्यापीठातील व्याख्यानमाला चालू असतानाच सुकथनकर अकस्मात निवर्तले. शेवटचे व्याख्यान द्यावयाचे राहूनच गेले. त्यांच्या हातून आदि आणि आरण्यक ही दोनच पर्वे पूर्ण झाली होती. शांतिपर्वासारखा डोंगर पुढेच होता. ज्ञान एकाच्या मस्तकात साठले असते, तर ते त्या दिवशीच संपले असते. पण सारे कागदावर होते आणि ते कागद वाचणारी माणसे जागेवर होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी सूत्रे घेतली, शांतिपर्व स्वतः संपादिले. त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य आले.

१,२५९ पोथ्यांच्या आधाराने सिद्ध झालेल्या अठरा पर्वांच्या त्या आवृत्तीची पूर्तता २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पुण्यात जाहीर झाली. आरंभाचा श्लोक लिहिणारे भांडारकर १९२५ मध्येच निवर्तले होते.