भारत–बांगलादेश भू-सीमा करार

भारत–बांगलादेश भू-सीमा करार हा दोन्ही देशांमधील जमिनीवरील सीमेचे प्रश्न सोडवण्यासाठी झालेला द्विपक्षीय करार आहे. भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी आणि बांगलादेशचे पंतप्रधान शेख मुजीबुर रहमान यांनी १६ मे १९७४ रोजी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्याची पूर्ण अंमलबजावणी मात्र २०१५ साली सुरू झाली.

पार्श्वभूमी

दोन्ही देशांमधील सीमा सुमारे ४,०९६ किलोमीटर लांबीची आहे. कूचबिहार संस्थान आणि मुघलांच्या ताब्यातील प्रदेश यांच्या सरमिसळीतून येथे एका राज्याची गावे दुसऱ्या राज्याच्या हद्दीत राहिली. स्थानिक भाषेत अशा गावांना ‘छिटमहल’ म्हणतात. राजे बुद्धिबळाच्या डावात गावे पणाला लावत, अशी दंतकथा त्यांच्याविषयी प्रचलित आहे. १९४७ ची फाळणी आणि १९४९ मध्ये कूचबिहारचे भारतात झालेले विलीनीकरण यांमुळे ही गावे आंतरराष्ट्रीय सीमेच्या पलीकडे अडकली.

१९५८ च्या नेहरू–नून करारात छिटमहलांच्या अदलाबदलीचे ठरले होते. परंतु बेरूबारी प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने, देशाचा भूभाग परक्या देशास देण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक असल्याचे मत दिले.

तरतुदी

१९७४ च्या करारानुसार छिटमहलांची अदलाबदल करावयाची होती. दक्षिण बेरूबारीचा दक्षिणेकडील निम्मा भाग भारताकडे, तर दहग्राम व अंगारपोता बांगलादेशाकडे राहणार होते. या दोन गावांना मुख्य भूमीशी जोडण्यासाठी १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद ‘तीन बिघा’ पट्टा भारताने कायमस्वरूपी भाडेपट्ट्याने देण्याचे मान्य केले. हा मार्ग १९९२ मध्ये मर्यादित वेळेसाठी, तर २०११ पासून चोवीस तास खुला झाला.

अनुसमर्थनातील विलंब

बांगलादेशाने १९७४ मध्येच घटनादुरुस्ती करून करारास मान्यता दिली. भारतात मात्र ही प्रक्रिया चार दशके लांबली. या काळात छिटमहलांतील रहिवासी कागदोपत्री एका देशाचे असले, तरी त्या देशाचे प्रशासन त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते. मतदान, शाळा, रुग्णालये, वीज आणि पोलीस संरक्षण यांपासून ते बहुतांशी वंचित राहिले. स्वतःच्या देशात जाण्यासाठीही त्यांना परकी भूमी ओलांडावी लागे.

अंमलबजावणी

६ सप्टेंबर २०११ रोजी ढाका येथे पूरक शिष्टाचारावर स्वाक्षऱ्या झाल्या. मे २०१५ मध्ये भारतीय संसदेच्या दोन्ही सभागृहांनी १०० वी घटनादुरुस्ती एकमताने संमत केली. ६ जून २०१५ रोजी अनुसमर्थनाच्या कागदपत्रांची देवाणघेवाण झाली आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री छिटमहल अस्तित्वात राहिले नाहीत.

भारताचे १७,१६० एकरांचे १११ छिटमहल बांगलादेशात, तर बांगलादेशाचे ७,११० एकरांचे ५१ छिटमहल भारतात विलीन झाले. २०११ च्या संयुक्त गणनेनुसार त्यांत ५१,५४९ लोक राहत होते.

परिणाम

रहिवाशांना नागरिकत्व निवडण्याची मुभा होती. बांगलादेशातील भारतीय छिटमहलांतून हजाराहून कमी लोक भारतात आले; उर्वरितांनी तेथेच राहून बांगलादेशाचे नागरिकत्व स्वीकारले. भारतातील ५१ छिटमहलांचे रहिवासी भारतातच राहिले. बहुतेकांनी आपले घर व शेत न सोडता प्रथमच प्रत्यक्ष नागरी हक्क मिळवले. क्षेत्रफळाच्या दृष्टीने भारताने अधिक जमीन दिली असली, तरी त्या जमिनीवर भारताचा प्रत्यक्ष ताबा नव्हता.