विद्यार्थी ‘बेकार’ असू शकतो का?

कॉलेजात नाव घातलेला, पण कामही शोधणारा मुलगा बेकार धरायचा की नाही? प्रश्न साधा वाटतो. ब्रिटनने मात्र यावर कित्येक दशकं घोळ घातला, आणि तो इतिहास आपण वाचायला हवा असं मला वाटतं.

1911 च्या कायद्याने तिथे बेकारी विमा आला. आठवड्याला 7 शिलिंग, वर्षाला जास्तीत जास्त 15 आठवडे, तेही बांधकाम, जहाजबांधणी अशा मोजक्या धंद्यांत. एक अट अशी की माणूस धडधाकट हवा आणि त्याला काम मिळत नसावं. 1921 मध्ये भर पडली: आपण खरोखर काम शोधतोय हे त्यानेच पटवून द्यायचं. ज्या गावात कामच नाही तिथे काय पटवणार? 1930 ला ती अट काढावी लागली. ‘कामासाठी उपलब्ध’ हे शब्द मात्र टिकले.

विद्यार्थी अडकले ते या शब्दांत. 1962 च्या कायद्यानंतर तिथे पदवीसाठी सरकारी अनुदान हक्काने मिळू लागलं. आणि सुट्टीत? वर्ग बंद म्हणजे मुलगा कामाला मोकळा, काम नसेल तर बेकार. या हिशेबाने मुलं सुट्टीत भत्ता घेत. 1986 मध्ये छोट्या सुट्ट्यांचा भत्ता गेला, 1990 मध्ये उन्हाळ्याचाही. त्याच वर्षी विद्यार्थी कर्ज सुरू झालं. हा योगायोग नव्हता, सरकारने खर्चाची बाजूच बदलली.

उलट बाजूने बघा. बेकार माणसाला भत्ता घेत आठवड्याला 21 तासांपर्यंत शिकता यायचं, फक्त नोकरी आली की कोर्स सोडायची तयारी हवी. 1996 मध्ये नवा भत्ता आला आणि 21 चे 16 तास झाले.

माझा आक्षेप इथे आहे. रात्रपाळी करून सकाळी कॉलेजला जाणाऱ्याच्या पगारातून विम्याचा हप्ता कापताना कुणी विचारत नाही की तू विद्यार्थी आहेस का. नोकरी गेली की मात्र पहिला प्रश्न तोच. त्याचे मोकळे तास कुणी मोजत नाही, हजेरीपट बघून निकाल लागतो.

आपल्याकडे तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ शिकवलं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानेही गावातल्या प्रौढाला एवढंच विचारलं: अंगमेहनतीचं काम करशील का? पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता. कॉलेजचा प्रश्नच नाही. पण 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षण चालू असलेल्यांना वगळलं. प्रशिक्षण पूर्णवेळ आहे, हे कारण मला समजतं. तरी उद्या राज्याने बेकारी भत्त्याचे नियम केलेच, तर त्यात हजेरीपट नको, तास मोजा.

तुम्हाला काय वाटतं? नोकरी करत शिकलेल्यांनी जरूर लिहा.